उत्पत्तीचे सहा दिवस आणि पृथ्वीची ४५४ कोटी वर्षं

उंबरठा

रविवारच्या शाळेत मी आठ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवते. मागच्या महिन्यात बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय चालू होता, देवाने सहा दिवसांत जग घडवलं तो. फळ्यावर सहा चौकोन आखले होते, प्रत्येक दिवसाचं चित्र मुलांनी काढायचं. चौथ्या चौकोनात सूर्य रंगवता रंगवता एक मुलगी थांबली. "टीचर, सूर्य चौथ्या दिवशी आला, तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ कशी झाली?"

"देवाला सगळं शक्य आहे," असं म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर मलाच खुपायला लागलं. देवाला काय शक्य आहे हे तिने विचारलंच नव्हतं. तिने फक्त वचन नीट वाचलं होतं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांजवळ विषय काढला, तर "असले प्रश्न वर्गात वाढू देऊ नका" एवढंच ऐकून परत आले.

मी श्रद्धावान आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. पण कॉलेजात भूशास्त्राचे दोन पेपर होते आणि त्यात शिकलेलं खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही. आजवर डोक्यात दोन कप्पे करून भागवलं. रविवारी सहा हजार वर्षं, सोमवारी साडेचारशे कोटी. त्या मुलीने मधला पडदा ओढला, इतकंच.

म्हणून गेले तीन आठवडे वाचत बसले आहे. पहिली गोष्ट कळली ती अशी की 'सहा हजार वर्षं' हा आकडा बायबलमध्ये कुठेही लिहिलेला नाही. ती एक बेरीज आहे. सगळ्यात गाजलेली बेरीज आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांची, १६५० सालची. आदाम १३० वर्षांचा असताना शेथ झाला, शेथ १०५ वर्षांचा असताना अनोश, अशा वंशावळी जोडत ते खाली आले. पुढे राजांच्या काळात सांधा जुळेना, तेव्हा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या मृत्यूचं साल बाहेरच्या इतिहासातून घेऊन खुंटी ठोकली आणि तिथून मागे मोजत गेले. उत्तर आलं इ.स.पू. ४००४, ऑक्टोबरची २३ तारीख, तीही आदल्या संध्याकाळपासून. आज हसू येतं, पण माणूस कच्चा नव्हता. त्याच काळात केप्लरचा आकडा ३९९३ होता आणि न्यूटनचाही त्याच्या आसपासच. १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात अशरची सालं छापायला लागले. समासातला मजकूर हळूहळू वचनाइतकाच पवित्र वाटायला लागतो, तसं झालं.

गंमत पुढे आहे. बेरीज कोणत्या प्रतीवरून करता त्यावर उत्तर बदलतं. हिब्रू मसोरा पाठात, म्हणजे ज्यूंच्या परंपरागत हिब्रू प्रतीत, आदामापासून जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षं होतात. सप्ततीत, म्हणजे जुन्या ग्रीक भाषांतरात, २२४२, कारण तिथे आदाम शेथच्या जन्मावेळी २३० वर्षांचा आहे आणि पुढच्या बऱ्याच जणांची वयंही शंभराने जास्त आहेत. शोमरोनी लोकांच्या पंचग्रंथीत (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या त्यांच्या प्रतीत) १३०७. म्हणून ज्यूंची कालगणना इ.स.पू. ३७६१ पासून सुरू होते आणि बायझंटाइन चर्चची ५५०९ पासून. एकाच ग्रंथाला मानणारे लोक, आणि फरक जवळजवळ पावणेदोन हजार वर्षांचा.

मला विचारायचंय ते हे. आकडा माणसाचा आहे हे मान्य केलं की प्रश्न सुटतो, की फक्त पुढे सरकतो? आणि त्या मुलीला काय सांगू? देव आहे की नाही हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

तिरपागडा

देव आहे की नाही हे टाळून उत्पत्तीवर चर्चा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. बाकी चालू द्या.

शुभवर्तमान

ताई, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून प्रामाणिकपणे उत्तर देतो. मी सहा दिवस अक्षरशः मानतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

प्रतींमधला फरक दाखवलात, मान्य. पण त्या फरकाने काय होतं? सहा हजारांचे साडेसात हजार. तिन्ही प्रतींत एकही अशी नाही की जी तुम्हाला लाखात नेईल, कोटी तर सोडाच. दुसरं, निर्गम २० वाचा. शब्बाथाची (विसाव्याच्या दिवसाची) आज्ञा देताना देव स्वतः कारण सांगतो: सहा दिवसांत सगळं केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही तसंच करा. तिथे 'दिवस' म्हणजे युग असेल तर लोकांनी सहा युगं काम करायचं होतं का? तिसरं, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं: रोमकरांस पत्र ५:१२. पाप एका माणसामुळे जगात आलं आणि पापामुळे मरण. कोट्यवधी वर्षं जनावरं एकमेकांना फाडून खात होती आणि मग आदाम आला, असं म्हटलं तर पतनाला, म्हणजे आदामाच्या पापात पडण्याला, अर्थ काय उरतो, आणि वधस्तंभाला?

विज्ञानाबद्दल एकच. १९८० च्या दशकात सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा लाव्हा थिजून खडक झाला. त्याचं वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने (खडकातल्या पोटॅशियमचा हळूहळू आर्गॉन वायू होतो, त्यावरून) काढलं तर साडेतीन लाख वर्षं आलं! डोळ्यांसमोर जन्मलेल्या खडकाचं वय ज्याला सांगता येत नाही, त्या घड्याळावर मी वचन का सोडू?

अक्षरशत्रू

कार्बन डेटिंगमध्ये घोळ असतो असं मीही ऐकलंय.

स्तरभंग

धाग्याची वाटच बघत होतो. नोकरी खडकांची आहे, धर्मशास्त्र मला कळत नाही, तेव्हा तिकडे पाऊल टाकणार नाही.

अक्षरशत्रू, आधी तुमचं. पृथ्वीचं वय कार्बनने काढतच नाहीत. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्म्याचा क्षय व्हायला लागणारा वेळ, ५,७३० वर्षं. पन्नासेक हजार वर्षांनी मोजण्यासारखं काही उरतच नाही. लाकूड, हाडं, कोळसा यांच्यासाठी ते ठीक.

शुभवर्तमान, सेंट हेलेन्सचं उदाहरण खरं आहे, पण पूर्ण सांगितलं जात नाही. पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं. दहा वर्षांच्या खडकावर ते लावणं म्हणजे धान्याच्या वखारीतल्या काट्यावर अंगठी तोलणं. शिवाय त्या लाव्हारसात आधीच तयार झालेले जुने स्फटिक होते, त्यांच्यात अडकलेला आर्गॉन मोजणीत आला. आणि समजा, चूक साडेतीन लाखांची आहे असं धरलं. ४५४ कोटींमधून साडेतीन लाख वजा करून बघा. काट्याची चूक पोत्याच्या वजनाला लागत नाही.

आता मुख्य घड्याळ. झिरकॉन नावाचा बारीक, चिवट स्फटिक असतो. बनताना तो युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळपास थारा देत नाही. म्हणजे आज त्यात जे शिसं सापडतं ते बहुतेक युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. त्यात मजा अशी की युरेनियम दोन प्रकारचं असतं. २३८ चा अर्धायुकाल ४४७ कोटी वर्षं, २३५ चा ७०.४ कोटी. दोघांपासून बनणारं शिसंही वेगवेगळं. एकाच डबीत दोन घड्याळं, वेगळ्या गतीची. डबी मध्ये फुटली, शिसं गळालं, तर दोन्ही घड्याळं वेगळी वेळ दाखवतात आणि चोरी पकडली जाते. जुळली तर जुळली. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले काही झिरकॉन ४४० कोटी वर्षांचे आहेत. ४५५ कोटी हा आकडा क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरून मांडला. सत्तर वर्षं होत आली, जवळपास तिथेच आहे.

पण मला स्वतःला पटलं ते युरेनियममुळे नाही, प्रवाळामुळे. प्रवाळ रोज चुन्याचा एक बारीक थर चढवतो आणि वर्षाचा एक ठळक पट्टा उमटतो. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या प्रवाळ-जीवाश्मांवरच्या रेषा मोजल्या. वर्षाला सुमारे ४०० भरल्या. म्हणजे तेव्हा वर्षाचे दिवस ४००.

आता हे बाजूला ठेवा आणि खगोलशास्त्रज्ञाकडे चला. चंद्रामुळे होणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावते आहे. दिवस शतकाला सुमारे २ मिलीसेकंदांनी लांबतो. खडकांचं किरणोत्सारी वय म्हणतं की ते प्रवाळ सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे. ३८ कोटी वर्षं म्हणजे ३८ लाख शतकं. गुणिले २ मिलीसेकंद, ७,६०० सेकंद, दोन तासांहून थोडं जास्त. म्हणजे तेव्हाचा दिवस २२ तासांना थोडा कमी. वर्षाचे ८,७६६ तास भागिले २१.९ करा.

४००.

चंद्राला युरेनियम माहीत नाही आणि प्रवाळाला दोन्ही माहीत नाहीत. तिघांनी संगनमत केलं असं म्हणायचं असेल तर माझ्यापाशी उत्तर नाही. (मंदावण्याचा वेग सगळ्या काळात अगदी एकसारखा नव्हता, खंड सरकले की भरती-ओहोटी बदलते. त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे, हेही सांगून ठेवतो.)

नवखी

हा प्रतिसाद वाचताना चहा निवला. वाचनखूण साठवली.

शुभवर्तमान

स्तरभंग साहेब, समजावून सांगितलंत, आभार. पण आजच्याच वेगाने क्षय कायम होत आला हे गृहीतक नाही का? निर्मितीच्या आठवड्यात किंवा जलप्रलयाच्या वर्षात देवाने तो वेग वाढवला असेल तर? किंवा सगळं प्रौढ अवस्थेतच घडवलं असेल तर? आदाम बाळ म्हणून घडवला नव्हता.

स्तरभंग

वेग वाढला असेल, ही शंका तुमच्याच बाजूच्या वैज्ञानिकांनी गांभीर्याने तपासली. १९९७ ते २००५ या काळात अमेरिकेतल्या सृष्टिवादी (उत्पत्तीची निर्मितीकथा अक्षरशः मानणाऱ्या) संस्थांनी 'रेट' नावाचा प्रकल्प चालवला. खडकांमध्ये आजच्या वेगाने ५० कोटी वर्षांहून जास्त लागतील इतका क्षय खरोखरच झालेला आहे, हे त्यांनीच मान्य केलं. मग तो थोड्या काळात उरकला असणार, असा निष्कर्ष काढला. पण तेवढा क्षय वर्षभरात उरकला तर निघणारी उष्णता पृथ्वीचं कवच वितळवून टाकेल. ती गेली कुठे, हे आपल्याला सुटलेलं नाही असं त्यांनीच लिहून ठेवलं. या कबुलीबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आणि वेग खरंच वेगळा होता का, हे बघता येतं. १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघात (आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत) एक तारा फुटताना दिसला, अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. त्याची चमक ओसरत गेली ती कोबाल्ट-५६ च्या क्षयाच्या गतीने, अर्धायुकाल ७७ दिवस. प्रयोगशाळेत आज जो मिळतो तोच. म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हाही घड्याळ असंच चालत होतं.

उंबरठा

प्रौढ निर्मितीबद्दल मी लिहिते, कारण त्यावर मीच बरेच दिवस टेकून होते.

फिलिप गॉस नावाचे एक निसर्गअभ्यासक होते, स्वतः कट्टर श्रद्धावान. १८५७ मध्ये त्यांनी हेच मांडलं: आदामाला बेंबी होती, झाडांना वर्तुळं होती, खडकात जीवाश्म होते, सगळं पहिल्या क्षणापासून तयार. तर्काने हे खोडून काढताच येत नाही. पण ते ना वैज्ञानिकांना रुचलं ना विश्वासणाऱ्यांना. कारण १९८७ च्या ताऱ्याचंच घ्या. विश्व सहा हजार वर्षांचं असेल आणि प्रकाश वाटेतच निर्माण केलेला असेल, तर तो तारा कधी फुटलाच नाही. आपण जे पाहिलं ते न घडलेल्या घटनेचं चित्र. प्रौढ झाड मी समजू शकते. पण न झालेल्या जखमेचा व्रण? देव खोटं बोलत नाही हे मला रविवारच्या शाळेतच शिकवलंय. आकाश त्याचा महिमा वर्णितं असं स्तोत्र १९ म्हणतं. मग आकाशाची साक्ष खोटी कशी मानू?

आलेफ_बेथ

हिब्रू थोडंफार शिकले आहे, म्हणून तोंड घालते.

'योम' म्हणजे दिवस. उत्पत्ती १:५ मध्ये एकाच वचनात तो दोन अर्थांनी येतो: आधी फक्त उजेडाचा भाग, मग संध्याकाळ-सकाळ मिळून अख्खा दिवस. २:४ मध्ये त्याच शब्दाने सगळा निर्मितीचा काळ एका 'दिवसा'त बसवलाय. त्यामुळे 'दिवस म्हणजे युग' असं म्हणणाऱ्यांना शब्दकोशाचा आधार आहे.

पण मला ते पटत नाही, आणि इथे मी चक्क शुभवर्तमान यांच्या बाजूने आहे. 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' हे पालुपद ऐकणाऱ्याला साधा दिवसच ऐकू येतो. शिवाय युगं मानली तरी क्रम जुळत नाही. तिसऱ्या दिवशी फळझाडं, चौथ्या दिवशी सूर्य, पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी. खडकांत मासे फळझाडांच्या फार आधी येतात आणि जमिनीवरचे प्राणी पक्ष्यांच्या आधी. ओढूनताणून जुळवलं तर वचनाचाही विचका होतो आणि विज्ञानाचाही.

पहिल्या दोन वचनांच्या मध्ये अब्जावधी वर्षांची फट मानणारा मार्गही आहे, एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या थॉमस चाल्मर्स यांच्यामुळे तो पसरला. व्याकरण त्याला फारशी साथ देत नाही. एवढंच पुरे.

मला पटतं ते वेगळंच. दिवस ओळीने न वाचता समोरासमोर मांडा. पहिल्या दिवशी उजेड आणि अंधार, चौथ्या दिवशी त्यांवर सत्ता चालवणाऱ्या ज्योती. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी जमीन आणि हिरवळ, सहाव्या दिवशी तिथे राहणारे. आधी तीन खोल्या, मग तीन बिऱ्हाडं. हे वेळापत्रक वाटत नाही, रचना वाटते. आणि चौथ्या दिवशी लेखक सूर्य-चंद्रांची नावंच घेत नाही! 'मोठी ज्योती, लहान ज्योती' म्हणतो. सूर्याला हिब्रूत शेमेश, बाबेलमध्ये शमाश हा मोठा देव. ज्याच्यापुढे शेजारी लोटांगण घालत होते, त्याला या लेखकाने दिवा करून छताला टांगला, तोही चौथ्या दिवशी. त्या मुलीला जी अडचण वाटली, तोच मला मुद्दा वाटतो. उजेड सूर्यावर अवलंबून नाही, देवावर आहे.

तिरपागडा

छान आहे, पण सोयीचं नाही का वाटत? विज्ञान एकेक प्रांत घेत गेलं आणि तुम्ही मागे सरकत म्हणता, 'तो तर काव्याचा प्रांत होता.' डार्विनच्या आधी कोणाला ही रचना दिसली होती?

उंबरठा

तिरपागडा, हा प्रश्न चांगला आहे. मलाही हीच भीती होती, म्हणून सालं बघितली.

तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती धर्मपंडित विचारतो: सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस आणि त्यांच्या संध्याकाळ-सकाळी होत्या असं कोण शहाणा मानेल? अगदी माझ्या वर्गातला प्रश्न. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीन म्हणतो की सगळं एकाच क्षणी निर्माण झालं आणि हे दिवस आपल्या ओळखीचे दिवस नव्हेत. तो असंही बजावतो की निसर्गाविषयी अविश्वासूलाही पक्कं माहीत असलेल्या गोष्टींवर ख्रिस्ती माणसाने वचनाचा हवाला देऊन बाष्कळ बोलू नये, कारण मग तो पुनरुत्थानाबद्दल सांगेल ते कोण ऐकेल? त्यांच्यापुढे ना जीवाश्म होते ना युरेनियम. अर्थात बिशप बेसिलसारखे साधे दिवस मानणारेही त्या सुमारास होतेच, आणि ओरिजेन-ऑगस्टीनही विश्व फार जुनं मानत नव्हते. पण प्रश्न वचनातूनच आला होता, विज्ञानाच्या धाकाने नव्हे.

खडकांच्या थरांचा पहिला नियम (खालचा थर वरच्यापेक्षा जुना) १६६९ मध्ये मांडणारे स्टेनो पुढे बिशप झाले. सगळे गाळाचे थर एकाच जलप्रलयाचे ही कल्पना १८३१ मध्ये जाहीरपणे मागे घेणारे भूशास्त्रज्ञ सेजविक हे दीक्षित पाळक. डार्विनचं पुस्तक त्यानंतर २८ वर्षांनी आलं. विश्व प्रसरण पावतंय हे मांडणारे लमेत्र हे तर पाद्री. उलट काटेकोर तरुण-पृथ्वीवादाची (पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे या मताची) आजची लाट १९६० च्या दशकातली आहे.

शुभवर्तमान

नावं मोजून सत्य ठरत नाही ताई. आणि मरणाचा प्रश्न तुम्ही सगळ्यांनीच टाळलात.

उंबरठा

टाळला नाही, घाबरून शेवटी ठेवला होता.

काही जण म्हणतात की रोमकरांस पत्रात पौल माणसाच्या मरणाबद्दल बोलतो, जनावरांच्या नव्हे. वचन तसं वाचता येतं, 'सर्व माणसांमध्ये मरण पसरले' असाच रोख आहे. पण मला पूर्ण समाधान मिळत नाही. ७.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सेंट्रोसॉरस या डायनासोरच्या पायाच्या हाडात कर्करोग सापडला आहे, २०२० मध्ये निदान छापून आलं. उत्पत्ती १:३१ म्हणतं की सर्व फार चांगलं होतं. ते हाड आणि ते वचन मी शेजारी ठेवते तेव्हा गप्प बसते. माणसाच्या बाबतीतही, मोरोक्कोतले जेबेल इरहूदचे मानवी अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे आहेत. वंशावळीत पिढ्या गाळलेल्या असतात हे मान्य, मत्तय १:८ मध्ये योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गळलेत. पण तीन राजे गाळणं वेगळं आणि तीन लाख वर्षं गाळणं वेगळं.

म्हणजे पृथ्वीच्या वयाची अडचण माझ्यापुरती मिटली. तिच्या आतून ही निघाली, आणि ही खरी आहे. तुम्ही ती सोडत नाही याबद्दल मला तुमचा राग नाही.

शुभवर्तमान

हे मान्य केलंत, मला पुरे. मी अजूनही सहा दिवसांवर आहे. पण सेंट हेलेन्सचं उदाहरण यापुढे देणार नाही.

नवखी

आणि त्या मुलीला काय सांगितलंत शेवटी?

उंबरठा

सांगितलं की हाच प्रश्न अठराशे वर्षांपूर्वी एका मोठ्या शिक्षकांनाही पडला होता, आणि मागच्या वेळी मी उत्तर दिलं नव्हतं, पळ काढला होता. मग फळ्यावर तीन खोल्या, तीन बिऱ्हाडं काढली. तिला ते आवडलं. पण आता तिला वंशावळीतल्या बेरजांचा नाद लागलाय. काल वही घेऊन आली. मथुशलह १८७ वर्षांचा असताना लामेख झाला, लामेख १८२ चा असताना नोहा, नोहा ६०० चा असताना जलप्रलय. बेरीज ९६९. आणि मथुशलह मेला ९६९ व्या वर्षी. "टीचर, म्हणजे तो बुडाला?"

आलेफ_बेथ

तिला सप्ततीची प्रत दाखवू नका. तिथे १६७ अधिक १८८ अधिक ६००. प्रलय झाला तेव्हा तो ९५५ चा, आणि पुढे आणखी १४ वर्षं जगला. तारवात मात्र नव्हता. ऑगस्टीनच्या काळातही यावर भरपूर वाद झालेत.

तिरपागडा

पोहत होता.

स्तरभंग

मुलीला भूशास्त्राकडे पाठवा.

शुभवर्तमान

आधी हिब्रू शिकवा.